चालायला निघाले की गाडी थांबते

“फॅटी लिव्हर आहे,” सांगलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं. म्हणजे यकृतात चरबी साठली होती. माझे हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलेलं. दारूला मी कधी शिवले नाही. आईही शिवली नव्हती, तरी ती यकृत आकसूनच गेली. शेवटी पोटात पाणी झालेली आई मला डॉक्टरांसमोर बसल्या बसल्याच दिसली.

मग फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी.

“थोडं कडक व्हायला लागलंय. अजून सुधारेल,” डॉक्टर म्हणाले. “आतली चरबी पोटाला पट्टा बांधून जात नाही. रोज दम लागेल असं चाला. गोड कमी करा.”

“दिवसभर काम असतं की.”

“बसून?”

बसूनच. तासगावात बेदाण्याच्या शेडवर मी माल निवडते. निवडता निवडता तोंडातही टाकते.

बेदाणे सोडले, चालायला लागले. पण आमच्याकडे रिकाम्या हातानं चालणारी बाई म्हणजे एसटी चुकलेली बाई. पुतण्या मोटारसायकल थांबवायचा. “काकी, बसा मागं. तुमी चालत आणि मी गाडीवर? लोक मला काय म्हणतील?” नाही म्हटलं की रुसायचा. मी बसायची. खरं कारण सांगायची लाज वाटे.

पुढच्या भेटीत कंबर तेवढीच भरली. “यकृत आणखी कडक झालं तर?” मी विचारलं.

“मग अवघड होईल.”

दुसऱ्या दिवशी पुतण्या बायकोला घेऊन निघाला होता. थांबला. मी भर रस्त्यात ओरडले, “लिव्हर खराब व्हायला लागलंय माझं! आईगत मरायचं न्हाई मला. जा तू!”

त्याची बायको सुरेखा खाली उतरली. “तुमी व्हा पुढं,” त्याला म्हणाली. “मी काकींबरोबर येते.”

तेव्हापासून आम्ही दोघी रोज चालतो. काही महिन्यांनंतरच्या फायब्रोस्कॅनमध्ये कडकपणा कमी दिसला. वजन फारसं उतरलं नव्हतं. काट्यावर दिसायच्या आधीही आतली चरबी कमी होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून तुम्हालाही सांगते, काटा बघून चालणं सोडू नका. आणि पोट सुटलं असेल तर हातपाय बारीक आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, तपासून घ्या.

पुढची तपासणी आहेच. मला अजून भीती वाटते. चालता चालता मी ती सुरेखाला सांगते. ती ऐकून घेते आणि म्हणते, “एवढं बोलायला जमतंय न्हवं? मग उचला पाय!”