अंदाजाची वाटी

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुण्यातल्या माझ्या शाळेत तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. गावाकडचा एक ओळखीचा माणूस पहिल्या एस.टी.नं आला होता. वर्गाच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा उजाडताना गेलं. च्या पिऊन गेलं." चहा पिऊन गेले हे त्याला मुद्दाम सांगावंसं वाटलं, याचं मला त्या घटकेलाही बरं वाटलं आणि आज सहा आठवड्यांनी लिहितानाही वाटतंय. आबांना कुठूनही तोंड गोड केल्याशिवाय निघणं जमतच नसे, आणि त्यांच्या चहात चहापेक्षा गूळच जास्त असायचा.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमचं गाव भरे, पिरंगुटाच्या जवळचं. चार खाचरं भाताची, दोन बैल, एक म्हैस. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. घरात भाकरी-कालवण आई करायची, पण गोडधोड मात्र आबांचं. तरुणपणी ते खांद्यावर कावड घेऊन पुण्यात दूध घालायला जात. तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना ओसरीवर बसवून एकेक पदार्थ शिकवला, असं ते सांगत. सहा फुटी माणूस, मिशा अशा की पोरं रस्ता सोडून पळायची, आणि नागपंचमीला हाच माणूस चुलीपुढं मांडी घालून पुरणाच्या दिंडांच्या घड्या घालतोय! गावातले पुरुष चेष्टा करायचे. आबा त्यांना दिंडं खायला बोलवायचे. मग चेष्टा करायला कुणाचं तोंड रिकामं राहत नसे.

पण आबांचा हात खरा बसला होता तो खरवसावर. म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक घट्ट, तिसऱ्या दिवसाचा पातळ, त्यामुळं त्यात दूध किती घालायचं याचं माप कुणालाच सांगता येत नाही. दूध कमी पडलं तर खरवस चामट होतो, जास्त झालं तर पाणी सुटतं. म्हणून आबा आधी एका छोट्या पितळी वाटीत घासभर मिश्रण घालून तेवढंच उकडून बघायचे. तिला ते अंदाजाची वाटी म्हणत. ती चाखून निकाल द्यायचा मान माझा. मी नऊ वर्षांची, आणि माझ्या जिभेवर सगळ्या घराचा खरवस अवलंबून! मी डोळे मिटून, उगाच वेळ लावून, "आणिक वाईच दूध" असं म्हणायचे आणि आबा खरोखरच वाईच दूध घालायचे. इतकं महत्त्व मला पुढं आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

आमच्याकडे चीक विकत नसत, शेजारीपाजारी वाटत. त्याचे दोन नियम होते. ज्याच्याकडे चीक गेला त्यानं भांडं रिकामं परत करायचं नाही, मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी घालायचं. आणि भांडं धुवायचं नाही. ते मालकाच्या घरीच धुवायचं, नाहीतर म्हशीची कास आटते. पहिला तांब्या नेहमी नानांकडे जायचा. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, मधे एक गोठा सोडून राहायचे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. त्या वर्षी आमची मैना म्हैस व्याली आणि तांब्या घेऊन मी नानांकडे गेले. नानीनं चीक काढून घेतला आणि तांब्यात गुळाचा हा एवढा खडा टाकला. नवा गूळ, पिवळाधमक... गोठ्याच्या आडोशाला मी तो नुसता चाटून बघणार होते. चाटता चाटता संपला. तांब्याच्या काठाला गुळाची बोटं लागलेली दिसली, म्हणून मी तो ओढ्यावर नेऊन राखेनं लख्ख घासला आणि आबांच्या हातात दिला.

आबांनी तांब्यात बघितलं, उलटा केला, परत बघितलं. मला काही विचारलं नाही. नशीब असं की आठ दिवसांत मैनेनं दूध निम्म्यावर आणलं. म्हैस का आटली ते तिचं तिलाच ठाऊक, पण आबांनी बांधावर नानांना गाठून एवढंच सुनावलं, की रिकामं भांडं धाडलंस, वर धुऊन धाडलंस. नाना त्यांच्याकडे बघत राहिले आणि काही न बोलता निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. लावणीला एकमेकांच्या खाचरात उतरणारे भाऊ त्या साली पाठ करून चिखलात उभे होते. हे सगळं माझ्यामुळं, हे मला कळत होतं. रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज आबांच्या मिशा बघून ते उद्यावर टाकायचे.

पुढच्या खेपेला मैना व्याली तेव्हा आईनं विचारलं, नानांचा तांब्या भरू का? आबा नको म्हणाले. मग त्यांनी अंदाजाची वाटी उकडली आणि नेहमीसारखी माझ्यापुढं धरली. पहिला घास तोंडात घेतला आणि तो काही केल्या गिळवेना. मला रडूच फुटलं.

"आबा, त्यात गूळ हुता. म्या खाल्ला. तांब्या बी म्याच घासला."

आबांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मी पाठीत धपाटा बसायची वाट बघत होते. ते म्हणाले, "येवढा गूळ एकटीनं खाल्लास व्हय?" आणि माझ्या हातातली उष्टी वाटी घेऊन तसेच अनवाणी बाहेर पडले. मी मागोमाग. नाना अंगणात दावं वळत बसले होते. आबांनी वाटी त्यांच्यापुढं धरली आणि म्हणाले, "चाख. दूध जास्त झालंय का बघ." नानांनी चाखलं, तोंडात घोळवलं, आणि थोडं जास्त हाय म्हणाले. वर्षाचा अबोला एवढ्यावर संपला. माझं नाव आबांनी घेतलं नाही. मला शिक्षा झाली ती एकच, अंदाजाच्या वाटीचा मान त्या दिवसापासून नानांकडे गेला. पुढं बारा-तेरा वर्षं मी हळहळत बघत राहिले, आणि आबा मिशीत हसत राहिले.

गेल्या रविवारी गावाला गेले होते. मैनेची नात आदल्या दिवशी व्यालेली. खरवस कोण करणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांच्या जागेवर मांडी घालून बसले, अंदाजानं दूध घातलं, वाटी उकडली. चमचा उचलला खरा, पण तो तोंडाकडे जाईना. वाटी घेऊन नानांकडे गेले. नाना आता थकलेत. त्यांनी सावकाश चाखलं आणि म्हणाले, "आबाच्या हातचा न्हाई. पर जमलाय." मग भिंतीचा आधार घेत आत गेले. बाहेर आले तेव्हा त्या न धुतलेल्या वाटीत गुळाचा खडा होता. माझ्या हातात वाटी ठेवत म्हणाले,

"ह्या येळंला तरी घरापतूर न्हे."

म्हणजे नानीनं गूळ टाकला होता, तो कुणाच्या पोटात गेला हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बांधावर एक शब्द बोलले असते तर सुटले असते. नऊ वर्षांच्या पोरीला मार बसू नये म्हणून त्यांनी वर्षभर सख्ख्या भावाचा राग अंगावर घेतला. आबांना हे कधी उमगलं होतं का? आता कुणाला विचारू...

गूळ मी घरापर्यंत नेला, आईच्या हातात दिला. वाटी पुण्याला घेऊन आले आहे. ती अजून धुतलेली नाही.