शुभदाताईंचा रिकामा डबा

शिकवायला उभं राहण्याआधी शुभदाताई टेबलावर घरचा एक स्टीलचा रिकामा डबा ठेवतात. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका हॉलमध्ये समोर डॉक्टर, नर्स, समुपदेशक बसलेले असतात, थायलंडच्या सीमेवरच्या छावणीत जायला निघालेले. ब्रह्मदेशातून पळून आलेल्या निर्वासितांचं दुःख कसं ऐकायचं, हे ताई त्यांना शिकवतात. सुरुवात मात्र स्वतःच्या चुकीपासून करतात. मी त्यांची बुकित तिमाह भागातली शेजारीण, कागद वाटायला जाते आणि दर वेळी रडते.

२००६ साली ताई त्याच छावणीत समुपदेशक म्हणून जाऊन-येऊन होत्या. नॉ पॉ नावाची, ब्रह्मदेशातल्या करेन जमातीची बाई तीन महिने त्यांच्यासमोर नुसती बसायची. एक दिवस तिने शिध्यातला डाळभात डब्यात भरून आणला. नियमाप्रमाणे काही घ्यायचं नसतं. पण ताई पडल्या साताऱ्याच्या, अन्नाला नाही कसं म्हणणार? आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर हाडीमांसी खिळलेलं. छावणीत भरायला काही मिळेना, म्हणून दुभाष्या नसताना खुणेनेच ‘आणते’ सांगून बाईसाहेब डबा सिंगापूरला घेऊन आल्या.

आम्ही दोघी रव्याचे लाडू वळत होतो तेव्हा छावणीतल्या दुभाष्याचा फोन आला. नॉ पॉने जेवण सोडलं होतं. गाव जळालं तेव्हा तिने एवढीच वस्तू उचलली होती, मुलीचा शाळेचा डबा. मुलगी वाटेत तापाने गेली होती.

ताई फरशीवरच बसल्या. "मी तिचं लेकरू उचलून आणलं गं," म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला आणि मायाही दाटून आली. डब्यात लाडू भरायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. ते लाडू माझ्या मुलांनी संपवले. ताई सकाळच्या विमानाने रिकामा डबा मांडीवर घेऊन गेल्या.

नॉ पॉने झाकण उघडून आत पाहिलं, बंद केलं. डबा छातीशी धरला. मग मुलीचं नाव सांगितलं, एह मू. त्या दिवशी ती दुपारपर्यंत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच डब्यात भात घेऊन आली. ताईंनी तिच्याशेजारी बसून तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, नळावर डबा धुतला, पदराने पुसला आणि तिथल्या तिथे रिकामाच तिच्या हातात दिला.