कॅरम आणि बोरिक पावडर

रुग्णांची सेवा करणाऱ्यालाही विसावा लागतो, असं आमचे डॉक्टर विश्रांतीच्या खोलीच्या उद्घाटनाला म्हणाले. "आपण सगळे एक कुटुंब," असंही म्हणाले. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. कुटुंब म्हणायची पद्धत नवी होती. टाळ्या मीही वाजवल्या.

मी तालुक्याच्या त्या दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. गावकुसाबाहेरचा.

खोलीसाठी कुर्डुवाडीहून एस.टी.च्या टपावरून कॅरम आला. संध्याकाळी डॉक्टर, कंपाउंडर आणि कारकून खेळायचे. माझ्या ड्रेसिंगच्या कपाटातली बोरिक पावडर टाकली की सोंगट्या झकास पळतात. डबी मी उंबऱ्यावर ठेवायची आणि खेळ संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. रविवारीसुद्धा. रविवारी दुपारनंतर मला सुट्टी असे.

अशाच एका रविवारी स्ट्रायकर घरंगळत माझ्या पायाशी आला. मी उचलला.

"अरे, ठेव! खाली ठेव!" कारकून ओरडले.

मग स्पिरिटचा बोळा मागवला. आणायला मलाच पाठवलं. माझ्यासमोर स्ट्रायकर तीनदा पुसला.

"जखमांचे हात ना त्याचे," डॉक्टर हसून म्हणाले.

कंपाउंडरही जखमा धुवायचा. त्याचे हात कुणी पुसले नाहीत. आणि सकाळी याच हातांनी मी कारकुनांच्या मांडीवरचं गळू पिळलं होतं. तेव्हा ते "हळू रे बाबा, हळू" म्हणत होते.

घरी बायकोनं विचारलं, "आज सुट्टी व्हती ना? मग इतका उशीर?"

"त्यांचा विसावा चालू व्हता," म्हणालो.

सोमवारी एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली. "दादा, डोळं उघडंना वो ह्याचं." डोळे धुवायला बोरिकचं पाणी लागतं. डबी खरवडली. चिमूटभर निघाली. तेवढ्यात भागवलं. लेकरानं एक डोळा उघडला. दुसरा चिकटलेलाच राहिला.

दुपारी कोठीतून नवी डबी आली. संध्याकाळी हाक आली, "पावडर आण रे."

"पावडर रोग्यांची हाय, साहेब. कॅरमसाठी पायजे असंल तर तसा लेखी हुकूम द्या."

डॉक्टर म्हणाले, "फार शिकलास."

"सातवी, साहेब."

लेखी हुकूम निघाला नाही. माझी रविवारची सुट्टी मात्र बंद झाली, तीही तोंडी. तक्रार करायची तर अर्ज डॉक्टरांच्याच मार्फत जायचा. मी कोरा कागद दोन दिवस खिशात बाळगला, मग त्यात भाकर बांधली.

पण कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला होती. सुट्टी गेली, उद्या नोकरी जाईल. डबी त्या उंबऱ्यावर पुन्हा जाणार नाही, हे ठरलं.

कंपाउंडरनं घरून तांदळाचं पीठ आणलं. आठवड्यात कॅरमला मुंग्या लागल्या.