दाराआडचा हात

घुगऱ्या शिजल्याचा वास आला की मला माझ्या मुलीचं बारसं आठवतं. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, आंजीला, माहेरी. पाळणा कुठे टांगायचा ते बघायला आईनं सकाळी माझ्याच बारशाचा जुना फोटो काढला होता. त्यात पाळण्याभोवती घरच्या साऱ्या बाया होत्या. माझी विधवा थोरली काकू, आमची मोठी आई, तेवढी नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराआडून घुगऱ्यांचं ताट पुढे करणारा तिचा नुसता हात आला होता, बांगड्या नसलेला. आई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. दुपारी पाळण्याची दोरी धरता धरता ती थांबली आणि तिनं आत हाक मारली, "बाई, तुमी या समोर." पाळणागीत बंद पडलं. आत्या म्हणाली, "पाळण्यापाशी तिले काऊन बोलावून राह्यली?" कोणी जागचं हललं नाही. आई आत गेली आणि मोठ्या आईला मनगट धरून घेऊन आली. तेवढ्यात भावानं फोटो काढला. तो फोटो आता माझ्याकडे आहे. सगळ्या नीट आल्यात. मोठी आई मात्र स्वयंपाकघराकडे परत वळताना हललेली, पुसट. तिच्या मनगटावरची आईची मूठ हललेली नाही.