खेळ रचणारा

चिखलीत बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून तो आम्हा तिघाचौघांना स्वतः रचलेला खेळ खेळवायचा. खेळात कल्पनेतलं एक गाव होतं. प्रत्येकाने तिथला एक माणूस व्हायचं. त्यात लढाई नव्हती. फासे टाकायचे, पण आपल्यातल्या दोषावर मात केली, तरच तो माणूस पुढे सरकायचा.

"तुमच्या माणसाले कशाचं भेव वाटते, थे पयले सांगा," असं तो कानामागची पेन्सिल काढत विचारायचा. कुणी अडलं तर खेळणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटायचं. ऑफिसात साहेबांसमोर तोंड उघडायला मी त्या खेळातच शिकले.

तो स्वतः मात्र कधी खेळत नसे. एकदा आम्ही हट्टच धरला. मग त्याने भावाशी अबोला धरलेला माणूस निवडला. अमडापूरच्या सख्ख्या भावाशी तो स्वतःही बोलत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. खेळातला माणूस भावाच्या दारापर्यंत पोचला.

"आता हाक मारा ना, भाऊ," मी म्हणाले.

त्याने मुठीतले फासे खाली ठेवले. मग हसला. "हा भाग अजून रचाचा राह्यला, ताई."

दिवाळीच्या तोंडावर त्याचा भाऊ अचानक वारला. मी भेटायला गेले, तेव्हा तो कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता.

मान वर न करता म्हणाला, "वहिनी सांगत होती, दारात गाडी वाजली का थो म्हणे, भाऊ आला वाटते."