बाबांच्या वस्तऱ्याचा दगड

ओल्या दगडाचा वास आला की जयपूरची ती दुपार आठवते. बाबांचा हात लुळा पडल्यापासून त्यांची दाढी मी करायचो, पण त्यांना त्यांचा जुना वस्तराच हवा असायचा आणि त्याची धार गेली होती. ऑफिस आणि दवाखाना करून थकलेला मी जयपूरच्याच मानसरोवर भागातल्या एका दुकानात धार लावायच्या तीन दगडांपुढे नुसता उभा राहिलो. "पहली बार है? तो खुरदरा मत लो भैया, महीन लो," म्हातारा दुकानदार म्हणाला, "धार देर से आएगी, पर उस्तरा बचेगा." तो बारीक कणांचा दगड घेऊन घरी आलो, पाणी टाकून तासभर वस्तरा घासला, तरी दाढी करताना बाबांच्या गालावर रक्ताचा थेंब आलाच. ते जड जिभेने म्हणाले, "जमेल. उद्या परत कर." पुढे दोन वर्षं रोज त्यांची दाढी केली. कंटाळा यायचा, हे आज कबूल करतो. त्यांनी मात्र दुसऱ्या कोणाला कधी गालाला हात लावू दिला नाही.