कल्ला उघडून दाखवला

"हे आधी बाहेर टाक. ही प्रयोगशाळा आहे, मासळीबाजार नाही. आणि हात धुऊन ये. तुम्हा लोकांना हेही सांगावं लागतं."

सर नाकाला रुमाल लावून बोलले. वर्ग खिदळला. माझ्या हातात डबा, डब्यात घोळ माशाचं डोकं. पनवेलच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. सार्सची साथ येऊन दोनतीन वर्षं झालेली, आणि माझ्या सेमिनारचा विषय तोच सार्सचा कोरोना विषाणू. अख्ख्या वर्गात कोळ्याची मी एकटी.

चूक माझीच म्हणा. आमची आय करंजा बंदरावरून मासळी आणून विकायची. गिऱ्हाइकाला शंका आली की ती वाद घालत नसे. माशाचा कल्ला वर करून आतला लाल रंग दाखवायची. मला म्हणायची, "तोंडानं काय सांगतंस? उघडून दाव." मला वाटलं, कॉलेजातही खरं असंच पटवतात.

नळावर गेले. साबण लावला. एकदा. दोनदा. तीनदा. हात नाकाला लावला. वास होताच. वाटलं, बाकावरची शेजारीण तरी बाहेर येईल. तिच्या वह्या मी उतरवून द्यायचे. नाय आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्यांदा साबण उचलला आणि डोकंच फिरलं. अगं, या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं, हे तूच आज सांगणार होतीस ना? तो तर पहिल्याच धुण्यात मेला असता. मग हे काय घासतेयस? आपल्या आयला धुऊन काढतेयस?

नळ बंद केला. डबा घेऊन आत गेले. टेबलावर ठेवून कल्ला उघडला.

"सांगितलं ना, बाहेर..."

"मार्क नका देऊ सर. पण ऐकावं लागेल."

आणि बोलत सुटले. मासा पाण्याबाहेर आला की या लाल पाकळ्या चिकटतात, तो गुदमरतो. माणसाचं उलटं. विषाणू पेशीत शिरतो, पडद्याआड लपून स्वतःच्या नकला काढतो, म्हणून शरीराला उशिरा जाग येते. मग रोगाशी लढणारे आपलेच रक्षक असे पिसाळतात की फुप्फुसाची नासाडी करतात. हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरतं. कोरड्या जमिनीवर माणूस बुडतो. हुकमी औषध अजून नाय. ऑक्सिजन देऊन त्याला तगवायचं, पिसाळलेल्यांना आवरायचं, आणि नकला थांबवणारं औषध शोधत राहायचं.

कुणी हसलं नाय. टाळीही नाय. शेजारीण दुसऱ्या बाकावर गेली ती वर्ष संपेपर्यंत परत आली नाय. मार्क काठावरचे मिळाले.

आज मी रक्ताचे नमुने तपासते. दुपारी डबा एकटीच खाते, त्यात बोंबील असतो. हात साबणानं नीट धुते. रोगासाठी. वासासाठी पुन्हा धुणार नाय.